दुसऱ्या मैदानातलं पाणी

जयंतीला काहीही विचारा, ती आधी नको म्हणणार. चहा घेतेस? नको. पंखा लावू? नको गं, बरं वाटतंय. तिच्या लग्नात मावशीनं विचारलं, सोबत लोणच्याची बरणी देऊ का, तर म्हणाली, नको, कशाला उगाच. मावशीनं दोन बरण्या बांधून दिल्या, वर पापडांचा डबा. यात खोटेपणा काही नाही हं. जळगावात तिच्या घरी, शेजारीपाजारी, सगळीकडे हीच रीत. आपण नको म्हणायचं, समोरच्यानं 'घ्या हो, असं काय करता' म्हणायचं, आणि मग आपण संकोच करत करत घ्यायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस हावरा. ही रीत तिच्या अंगात इतकी मुरलेली होती की ती रीत आहे हेसुद्धा तिला कधी जाणवलं नाही.

आणि अशी ही बाई जाऊन पडली कुठे, तर नेदरलँड्समध्ये! तिथल्या माणसाला तुम्ही नको म्हटलंत की तो म्हणतो 'बरं', आणि किटली उचलून आत जातो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. तुम्ही नको म्हणालात ना? मग विषय संपला. चहा-बिस्किटांपुरतं हे जयंती पहिल्या वर्षातच शिकली, दोन-तीनदा उपाशी राहून. पण बिस्किटाचं शिकलं म्हणजे सगळ्याचं शिकलं असं थोडंच असतं?

तिच्या आयुष्यात एकदाच असं झालं होतं की आपल्याच माणसानं परत विचारलं नाही. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

जयंती सॉफ्टबॉल खेळायची. बेसबॉलचीच बहीण समजा, चेंडू जरा मोठा, मैदान जरा लहान. खानदेशात, विदर्भात शाळाशाळांतून मुली हा खेळ जिवाच्या आकांतानं खेळतात, आणि पुण्यामुंबईच्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. जयंती कॅचर. म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून सगळे चेंडू झेलणारी. जळगावचा मे महिना, फुफाटा, आणि ही पोरगी तोंडावर जाळी बांधून तासन्‌तास बसलेली! राज्याच्या संघातून खेळली, आणि अठराव्या वर्षी राष्ट्रीय शिबिरासाठी तिचं नाव आलं. शिबिर पंजाबात. तिचे वडील, विश्वासअण्णा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. जेवताना त्यांनी विचारलं, "जायचंय का गं तुला?"

जयंतीनं मान खाली घातली. "नको, राहू द्या. एवढा खर्च कशाला."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि भाकरी मागितली.

तिनं भाकरी वाढली. अण्णा आता परत विचारतील म्हणून ती ताटाशी घुटमळली, दुसऱ्या दिवशी डबा देताना घुटमळली. पाहुण्याला चौथी पोळी आग्रहानं वाढणारा तो माणूस, पण त्यानं लेकीला परत विचारलं नाही. शिबिराची तारीख निघून गेली. मग बी.कॉम. झालं, लग्न झालं, आणि त्या गोष्टीबद्दल घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही, तिनंही नाही.

नवऱ्याला, राजनला, रॉटरडॅममध्ये नोकरी लागली, म्हणून ती डिपेंडंट व्हिसावर आली. घर घेतलं शेजारच्या कापेल आन डेन आयसेलमध्ये. राजन सकाळी मेट्रोनं जायचा, आणि ही लहानग्या लेकीला, जुईला, बाबागाडीत घालून बंधाऱ्याच्या कडेनं फिरत बसायची. बोलायला माणूस नाही, भाषा येत नाही, आणि आभाळ असं की सकाळी दिवा लावावा. फार रडायची त्या दिवसांत. एकदा वसंतात अशीच चालली होती, आणि बंधाऱ्यापलीकडून आवाज आला, टण्ण! अॅल्युमिनियमच्या बॅटीचा. तिचे पाय जागीच थांबले. हा आवाज तिनं झोपेतसुद्धा ओळखला असता.

क्लबचं नाव रायखर्स, म्हणजे बगळे. नाव अगदी शोभणारं, कारण अर्धं वर्ष तिथं पाणीच साचलेलं असतं. हेंक नावाचा एक उंच, लाल गालांचा माणूस मैदानाची माती ओढत होता. कुंपणाशी उभी बाई बघून त्यानं इंग्रजीत विचारलं, "टाकून बघायचाय एखादा चेंडू?"

"नो, नो," जयंती म्हणाली.

"ओके," म्हणून हेंक माती ओढायला लागला! आता काय म्हणावं? ती आठवडाभर रोज येऊन कुंपणाला टेकून उभी राहिली, पण बोलली नाही. शेवटी एक चेंडू कुंपण ओलांडून तिच्या पायाशी आला. तिनं बाबागाडीचा ब्रेक लावला, ओढणी खांद्यावर टाकली, आणि चेंडू असा फेकला की तो सरळ पलीकडच्या कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसला. हेंकनं हातातलं फावडं खाली ठेवलं. तोंडानं नको म्हणणारी ही बाई अशी हाताच्या जोरावर क्लबात शिरली.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. हेंक क्लबचा अध्यक्ष झाला. जयंती एका लेखापालाच्या ऑफिसात नोकरीला लागली, डच बोलायला लागली, सत्तरीच्या हेंकला 'तू' म्हणायलाही शिकली, कारण तिथं सगळे एकेरीच. आणि क्लबात तिनं मुलींचा सॉफ्टबॉल संघ उभा केला. शून्यातून, फुकट, दर बुधवारी आणि शनिवारी. जुई त्याच संघात कॅचर. आईसारखीच बसते, आईसारखीच गुडघ्याला मलम लावते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये.

मुली खेळायच्या दुसऱ्या मैदानावर. पहिलं मैदान पुरुषांच्या बेसबॉल संघाचं, निगा राखलेलं, गवत नीट कापलेलं. दुसरं म्हणजे निव्वळ चिखल. खाली चिकणमाती, पाऊस पडला की पाणी वरच्या वर. सामने रद्द व्हायचे, सराव रद्द व्हायचा. मुली कंटाळल्या. एक हॉकीला गेली, दोघी पोहायला गेल्या. समितीनं सांगून टाकलं, पुढच्या हंगामाला नऊ मुली भरल्या नाहीत तर संघ बंद. मैदानाखाली निचऱ्याचे पाईप घालून पाणी कडेच्या चरात सोडलं तर प्रश्न मिटत होता. कंत्राटदार येऊन बघून गेला होता. पण क्लबाच्या तिजोरीत तेवढे पैसे कुठून यायचे?

आणि एक दिवस ते आले.

झालं असं, पुरुषांच्या संघात टायलर नावाचा एक अमेरिकन पिचर होता. चेंडू टाकणारा. चांगला मुलगा, पण महाग. त्याचं घरभाडं, विमानाचं तिकीट, सायकल, महिन्याचा हातखर्च, सगळं क्लबाच्या डोक्यावर. हारलेमकडच्या एका मोठ्या क्लबाला तो हवा होता. दोन्ही क्लबांनी अदलाबदल केली. टायलर तिकडे, आणि तिकडचे दोन तरुण खेळाडू इकडे. ते दोघंही रॉटरडॅमचेच, आपापल्या आईच्या घरी राहणारे. त्यांना ना भाडं, ना तिकीट. टायलरवर दरवर्षी जाणारी रक्कम मोकळी झाली, आणि ती जवळपास पाईपांच्या खर्चाएवढीच होती.

जयंतीनं त्या संध्याकाळी शेवभाजी केली. राजनला म्हणाली, "बघ हं, या वेळेला होतंय आमचं मैदान."

शनिवारी सकाळी क्लबच्या कँटीनमध्ये समितीची बैठक. मुलींची प्रशिक्षक म्हणून जयंतीला बोलावलेलं. हेंकनं एकेकाला विचारायला सुरुवात केली. पुरुषांच्या संघाचा कप्तान बास, रुंद खांद्यांचा गडी, सरळ म्हणाला, "मला नवा पिचर हवा. तो नसेल तर आम्ही खालच्या गटात घसरू." एवढंच बोलला आणि कॉफी प्यायला लागला. जयंतीला त्याची जरा लाजच वाटली. असं तोंड वर करून कुणी मागतं का?

मग हेंक तिच्याकडे वळला. "जयंती, तुला दुसऱ्या मैदानासाठी हवेत का हे पैसे?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि अहो, तिच्या तोंडून काय निघावं? "नाही, म्हणजे, आधी क्लबला जे महत्त्वाचं असेल ते बघा. आमचं काय, आम्ही चालवून घेऊ."

हसून बोलली वर. आणि थांबली. आता हेंक म्हणेल, अगं असं कसं, पोरी चिखलात खेळतात. मग ती म्हणेल, हो, तसं आहे खरं.

"छान. धन्यवाद," हेंक म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे वळला.

बैठक संपली. नवा पिचर आणायचं ठरलं. सभासदांच्या सभेत मंजुरी घ्यायची तेवढी बाकी. जयंती सायकलवरून घरी आली, ओलं जाकीट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि भडकली. "कमाल आहे या लोकांची! इतकी वर्षं राबतेय मी फुकट, आणि यांना साधी जाण नाही. दिसत नाही का त्यांना चिखल? एकदा म्हणून म्हटलं नाही की, अगं घे!"

राजन लॅपटॉप मिटून आला. "मी बोलू का हेंकशी?"

"नको."

"अगं, खरंच बोलू? फोन लावतो."

जुई टेबलाशी बसून पाव खात होती. तिनं आईकडे बघितलं आणि डचमध्ये विचारलं, "आई, त्यानं तुला विचारलं नव्हतं का?"

"विचारलं ना."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, आधी क्लबचं बघा. पण त्याला कळायला नको?"

"म्हणजे तू नाही म्हणालीस." जुईचा घास हातातच राहिला. "आई, आमचं मैदान होतं ते. त्यानं विचारलं, आणि तू नाही म्हणालीस?"

पोरगी रागावली नव्हती, तेच वाईट. तिला खरोखरच कळत नव्हतं. जयंती जाकीट काढायचं विसरून खुर्चीवर बसली. तिला जेवणाचं ते ताट आठवलं, भाकरी आठवली. आपण तेव्हा नको म्हणालो आणि आयुष्यभर मनात अण्णांना दोष देत राहिलो. आज जुईच्या वाटचंही नको आपणच म्हणून आलो. बाई गं, काय करून बसलीस! ती ओक्साबोक्शी रडली. राजन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं. "तू नको बोलूस हेंकशी," ती म्हणाली. "खरंच नको. मीच बोलते."

सभासदांची सभा दोन आठवड्यांनी, संध्याकाळी, त्याच कँटीनमध्ये. बाहेर धो धो पाऊस. आत पन्नासेक माणसं, ओल्या कोटांचा वास. जयंतीनं पांढरा शर्ट घातला होता. हेंकनं नव्या पिचरचा प्रस्ताव वाचला आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

जयंती उभी राहिली. "मला," ती म्हणाली. "मला ते पैसे हवेत."

हेंकनं चष्मा कपाळावर सरकवला. "पण जयंती, मी तुला विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

"हो. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणतात. मग समोरचा परत विचारतो."

कुणीतरी हसलं. हेंक मात्र हसला नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली. "ते मला कसं कळणार?"

"नाही कळणार," जयंती म्हणाली. "म्हणून आज मी आपणहून सांगतेय. मला हवेत. दुसऱ्या मैदानाच्या पाईपांसाठी."

बास उठला. "आणि माझा संघ घसरला तर?"

इथं जयंतीच्या अंगातली जुनी कॅचर जागी झाली. कॅचरला सगळं मैदान समोर दिसत असतं. "घसरेल कदाचित," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण टायलर आला, दोन हंगाम खेळला, गेला. त्याच्यावर घातलेले पैसेही गेले. नवा येईल, तोही जाईल. पाईप कुठे जाणार आहेत? आणि बास, टायलरच्या बदल्यात तुला दोन मुलं मिळाली ना? ती कुठून आली? त्या क्लबानं आपल्या लहान मैदानावर वाढवली म्हणून आली. आपल्या लहान मैदानावर काय वाढतं सांग. बदकं!"

आता सगळे हसले, बाससुद्धा. पण बासनं लगेच तोड काढली, अगदी तिथल्या माणसाला शोभेल अशी. "निम्मे-निम्मे करूया. निम्मे पिचरला, निम्मे मैदानाला. चालेल तुला?"

हेंकनं तिच्याकडे बघितलं. 'चालेल' हा शब्द जयंतीच्या अगदी जिभेवर आला. किती सोपा! सगळे खूश, कुणाचं मन दुखावलं नाही, आणि आपण किती समजूतदार. समोर दुसऱ्या रांगेत जुई बसली होती, आईकडे डोळे लावून.

"नाही चालणार," जयंती म्हणाली. "निम्म्या मैदानातलं पाणी काढलं तर उरलेल्या निम्म्यातलं तिकडे येईल. मला सगळे हवेत."

बोलून झाल्यावर ती धपकन खाली बसली. कान तापले होते. आपण किती हावरटासारखं बोललो, असं तिला वाटलं. सगळे पैसे मैदानाला द्यावेत असं वाटणाऱ्यांना हेंकनं हात वर करायला सांगितलं. तिनं डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा हेंक हात मोजत होता, आणि वर गेलेल्या हातांत एक बासचाही होता. नंतर कँटीनच्या दाराशी हेंकनं तिला विचारलं, "कॉफी?" ती म्हणाली, नको. तो दोन पावलं गेला, थबकला, परत आला आणि मोठ्या काळजीनं म्हणाला, "नक्की?"

"दे," जयंती म्हणाली. "साखर घालून दे."

रविवारी तिनं जळगावला व्हिडिओ कॉल लावला. अण्णा आता ऐंशीला टेकलेत, धाकट्या मुलाकडे राहतात. तिनं सगळं सांगितलं, टायलर, अदलाबदल, बदकं, सगळं. अण्णा 'हं, हं' करत ऐकत होते. तिचं सांगून संपलं.

"जयू," अण्णा म्हणाले. "तेव्हा त्या पंजाबच्या शिबिराला तुला जायचं होतं का गं?"

नाही हो अण्णा, कधीचं काय घेऊन बसलात, असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही. दाराशी जुईचे चिखलानं भरलेले बूट पडले होते.

"हो," ती म्हणाली. "खूप जायचं होतं."

अण्णांनी मान हलवली. "माहीत होतं मला. म्हणून तर परत विचारलं नाही. परत विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि माझ्याकडे गाडीभाड्यालाही पैसे नव्हते, पोरी. तुझं ते नको मी धरून ठेवलं."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, अण्णांना कळलंच नाही. त्यांना कळलं होतं, आणि तेही तेवढीच वर्षं ते गिळून बसले होते. तिनं पदर नसलेल्या खांद्यालाच डोळे पुसले.

"अण्णा," ती म्हणाली, "एप्रिलमध्ये नव्या मैदानावर पहिला सामना आहे. जुई कॅचर आहे. बघायला या. तिकीट आम्ही काढतो."

"नको गं. ह्या वयात कुठे विमानं. आणि एवढा खर्च कशाला."

जयंतीनं फोन जरा जवळ धरला. "परत विचारते, अण्णा. येता का?"

पलीकडे म्हाताऱ्यानं आपल्या हातांकडे बघितलं.

"थंडी असते का गं तिथे एप्रिलमध्ये?" त्यांनी विचारलं.